जरा जास्त हाय

शिरवळला हायवेलगत आमची कंपनी आहे. ती शीतगृहांची यंत्रं बनवते. मी त्यातलं काहीच बनवत नाही. माझं काम विचारपूस करण्याचं. घरी हे कुणालाच नीट समजावता आलेलं नाही, तरी इथं एकदा प्रयत्न करतो.

आमची यंत्रं जिथं बसवली आहेत तिथल्या खोल्यांचं तापमान मिनिटामिनिटाला नोंदलं जातं. सांगली भागात बेदाणा ठेवायची शीतगृहं पुष्कळ, त्यामुळं आमची बरीच गिऱ्हाइकं तिकडची. हे आकडे शीतगृहात राहत नाहीत आणि शिरवळलाही राहत नाहीत. एका मोठ्या परदेशी कंपनीचे संगणक आम्ही वापरायला घेतले आहेत, आकडे त्यांच्यावर राहतात. याला क्लाऊड म्हणतात. वडील त्याला ढग म्हणतात. ते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आणि जी जागा नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नाही.

हा ढग अधूनमधून आजारी पडतो. मग शीतगृहवाल्यांच्या मोबाईलवर आकडे दिसेनासे होतात आणि ते मला फोन करून माझ्या शिक्षणाबद्दल शंका काढतात. यावर ढगवाल्या कंपनीनं एक सोय ठेवली आहे. तिला एपीआय म्हणतात. एपीआय म्हणजे चौकशीची खिडकी समजा. माझ्या प्रोग्रॅमनं त्या खिडकीशी जायचं आणि विचारायचं, आमच्या सेवा बऱ्या आहेत का? खिडकीतून ठरावीक साच्यातलं उत्तर येतं. कोणती सेवा, कोणत्या भागातली, कधीपासून दुखतंय, अजून दुखतंय का थांबलं. प्रत्येक दुखण्याला तिथं घटना म्हणतात. माझा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, घटना नाही.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हंजे दिसभर नुसतं ‘बरं हाय का, बरं हाय का’ करत बसतोस?"

मी हो म्हटलं.

"आन् त्येच्यासाटी पुण्याला शिकाय गेलातास?"



त्या खिडकीतून येणाऱ्या उत्तरांची भाषा मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायची. सगळं ठप्प झालेलं असायचं, फोनवर फोन येत असायचे, आणि खिडकी इंग्रजीत सांगायची की काही ग्राहकांना काही सेवांमध्ये त्रुटींचं प्रमाण वाढल्याचं जाणवू शकतं. काही ग्राहकांना! जाणवू शकतं! मग अर्ध्या तासानं, प्रमाण वाढल्याची खात्री झाली आहे. मग, आम्ही त्यावर काम करत आहोत. इतक्या वर्षांत ‘बंद पडलं’ हे साधे दोन शब्द मी त्या खिडकीतून ऐकले नाहीत. मला गुळमुळीत बोलणाऱ्या माणसांची चीड आहे. जे आहे ते तोंडावर सांगावं असं माझं मत होतं, आणि ते मी कुणी न विचारताही सांगत असे.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे सांगलीचे एक जैन व्यापारी. त्यांना सगळेच शेठ म्हणतात. त्यांचं शीतगृह कुंडलला आहे, म्हणजे माझ्याच गावी. एक दिवस त्यांचा फोन आला.

"आवं, ते इंग्रजी निरोप बंद करा बगू. माझा माणूस वाचतोय, आन् काय झालंय म्हणून इचारलं की म्हंतोय, शेठ, कायतरी वाढलंय. चांगलं वाढलंय का वाईट, ते त्येलाबी कळंना आन् मलाबी."

"मराठीत पाठवू?"

"मराठीत पाठवा. आन् सरळ पाठवा. गेलं तर गेलं म्हणा की."

मी याच दिवसाची वाट बघत होतो. त्या आठवड्यात मी सगळे निरोप मराठीत लिहून काढले. प्रत्येक निरोप दोन-तीन छोट्या वाक्यांचा केला आणि एकातही ‘प्रमाण’ हा शब्द येऊ दिला नाही.

आता नावांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं. आमचे आकडे दोन ठिकाणी ठेवलेले असतात. एक मुख्य कोठी आणि एक तिची हुबेहूब जोडीदारीण. ही दुसरी शेजारी उभी राहून पहिलीचं सगळं ऐकत असते, आणि पहिली पडली की त्याच क्षणी तिचं काम हाती घेते. या कोठ्यांना काहीतरी नावं द्यावी लागतात. मी पहिलीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हटलं. थोरली-धाकटीचं एकमेकींशी अखंड बोलणं चालू असतं. ते मिनिटभर जरी थांबलं तरी माझा फोन वाजतो. नावं देताना माझ्या मनात काय होतं ते मी कंपनीत कुणाला सांगितलं नाही.

कुंडलला आमचं घर दोन दारांचं आहे. एका दारात आई-वडील राहतात, दुसऱ्या दारात थोरली. अंगणात मधोमध कमरेएवढी भिंत आणि तिला एका टोकाला माणूस जाईल एवढी वाट. थोरली म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. आजी आपल्या दोन सुनांना थोरली आणि धाकटी म्हणायची. ऐकून ऐकून सगळ्या भावकीनं तेच धरलं, आणि मीही चुलतीला थोरलीच म्हणू लागलो. कुणी सुधारलं नाही. चुलतेही लष्करात होते, त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. थोरलीला मूल नव्हतं. वडिलांची बदली लांब आसामात झाली तेव्हा आई त्यांच्याबरोबर क्वार्टरवर राहायला गेली आणि माझी शाळा मोडू नये म्हणून मला थोरलीपाशी ठेवलं. चौथी ते सातवी मी तिच्या दारात काढली. आईनं मला आयुष्यात जेवढं मारलं त्याच्या दुप्पट त्या चार वर्षांत थोरलीनं मारलं असेल. लाडाचंही साधारण तसंच. मला ताप आला की ती शेतावर जायची नाही आणि मी विचारलं की म्हणायची, "माझं पाय दुकत्यात म्हणून बसलीया."

माझ्या लग्नात बिनसलं. आईनं सगळ्या गावात फिरून, कुंकू लावून, हातात पत्रिका देऊन बोलावणं केलं. शेजारच्या दारात ती गेली नाही, कारण घरच्या माणसाला काय बोलवायचं? मी आपला पत्रिकेचा फोटो मोबाईलवरच्या घरच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो होतो. थोरलीकडं साधा बटणांचा फोन. साताऱ्याहून आलेल्या आत्यानं तिला आपल्या मोबाईलवर तो फोटो दाखवला.

"गावाला कुक्कू आन् मला फोटू," थोरली म्हणाली. एवढंच म्हणाली. लग्न पलूसला कार्यालयात होतं, तिथं ती आली नाही. आम्ही निघालो तेव्हा ती भिंतीच्या पलीकडं उभी होती. मी मुंडावळ्या सांभाळत नमस्काराला वळलो तोवर ती आत गेली.

"पोटच्यावाणी वाढीवला आन् अक्षता टाकाय आली न्हाई," असं आई म्हणाली आणि तिनं बोलणं टाकलं. थोरलीनं तर आधीच टाकलं होतं. त्याला सहा वर्षं झाली. एकाच अंगणात दोघी कपडे वाळत घालायच्या आणि वाळलेले काढायच्या, शब्द न काढता.

म्हणून दर रविवारी मी शिरवळहून दोन फोन करायचो. आधी आईला.

"पलीकडची लय खोकतीया दोन दिस. गोळ्या घेतीया का न्हाई, इचार."

मग थोरलीला. "गोळ्या घेतेस का गं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"घेती म्हणावं तिला. आन् तिज्या गुडग्याचं काय झालं? परवा भित्तीला धरून उतरत हुती."

मग पुन्हा आईला फोन. भिंत कमरेएवढी होती आणि बातमी शिरवळवरून जायची. आठवडाभर यंत्रांची विचारपूस केल्यावर रविवारी मी घरचा एपीआय होऊन बसायचो.

स्वतःबद्दल थोरलीचं उत्तर एकच असायचं, "बरं हाय." सांगलीच्या दवाखान्यात चार दिवस काढून आली त्या रविवारीही ती "बरं हाय" म्हणाली. डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं होतं की हृदयाची ताकद फार कमी झाली आहे, आता जपायचं. तेव्हापासून मला भीती एकच होती. या दोघींतली एक दुसरीशी न बोलताच जाईल, आणि त्याचं मूळ मी टाकलेल्या एका फोटोत असेल. ही भीती मी बायकोलाही सांगितली नाही. मी फक्त दोन कोठ्यांना नावं दिली.

निरोप पाठवायचं काम मी प्रोग्रॅमला माझ्याच फोनवरून करायला लावलं होतं. शेठजींच्या माणसांचा ग्रुप होता ‘कुंडल कोल्ड’. प्रोग्रॅमला मी सांगितलं, ‘कुंडल’नं सुरू होणारा ग्रुप शोध आणि त्यात निरोप टाक. चाचणी केली, निरोप बरोबर पोचला. आमच्या घरच्या ग्रुपचं नाव ‘कुंडल परिवार’ आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. ‘कुंडल’नं सुरू होणारे दोन ग्रुप असले तर ज्यात शेवटचं बोलणं झालं असेल तो प्रोग्रॅम आधी धरायचा. चाचणीच्या दिवशी परिवारात कुणाचा वाढदिवस नव्हता, एवढंच.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ढगाला खरंच काहीतरी झालं. खिडकीतून उत्तर आलं की त्रुटींचं प्रमाण वाढलेलं आहे. पुढं सगळं मी ठरवलं होतं तसं घडलं. मुख्य कोठी पडली, जोडीदारणीनं त्याच क्षणी ताबा घेतला, आणि प्रोग्रॅमनं स्वच्छ मराठीत निरोप धाडला:

"थोरली गेली. धाकटीनं काम हाती घेतलं आहे. काळजीचं कारण नाही."

कंपनीत आम्ही पडद्यापुढं उभे होतो. साहेबांनी माझी पाठ थोपटली. फोन मी गप्प करून ठेवला होता, म्हणजे कामात व्यत्यय नको.

‘कुंडल परिवार’ ग्रुपवर त्या सकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चालू होत्या, त्यांच्याखाली हा निरोप पडला. नंतर हात जोडलेली चित्रं सुरू झाली. मग पणत्या. मग पांढरी फुलं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ मी नंतर मोजायला घेतली आणि मधेच सोडून दिली. राजस्थानात ड्युटीवर असलेल्या चुलतभावानं लिहिलं, "छुट्टी टाकतोय, माती किती वाजता?" आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात. आणि साताऱ्याच्या आत्यानं लिहिलं, "आजून माती न्हाई आन् धाकटीनं काम हातात घेतलं व्हय? वाटच बघत हुती जणू." हे लिहून ती स्टँडकडं निघाली.

वडील त्या वेळी पलूसला गेले होते. पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं, तो हयातीचा दाखला द्यायला ते रांगेत उभे होते. मला फोन लागेना तेव्हा त्यांनी आईला लावला आणि "रिपोर्ट कन्फर्म हाय का?" असं विचारलं. आईनं फोन उचलला नाही, कारण ती घरात नव्हती.

पुढचं मला तीन-चार जणांनी सांगितलं आहे आणि सगळ्यांचं जुळतं. आई भाकरी करत होती. फोन वाजला म्हणून तिनं पिठाच्या हातानं उघडून अक्षर अक्षर लावून निरोप वाचला. तवा तसाच ठेवून, अनवाणी, भिंतीच्या टोकाच्या वाटेनं ती पलीकडं गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा. थोरली सोप्यात बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

"आक्का!" आई दारातच थांबली. "आक्का, तू हायस व्हय?"

थोरलीनं हातातली शेंग मोडली. "हाय. का?"

"आगं तू गेलीस म्हणून आलंय."

"कुटं गेली?"

"मोबाईलवर आलंय. पोरानं टाकलंय."

"सगळं मोबाईलवरनंच कळवत्यात बाई तुमच्यात," थोरली म्हणाली.

आई तिथंच खाली बसली आणि तिच्या खांद्याला धरून मोठ्यानं रडू लागली. "चुकलं माजं आक्का. तवाच याय पायजे हुतं. घरची म्हणून न्हाई आली गं, घरची म्हणून."

थोरलीनं मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या. तिचेही डोळे भरून आलेले होते असं शेजारीण सांगते, थोरली मात्र ते मरेपर्यंत नाकारत राहिली. शेवटी ती म्हणाली, "पिठाचं हात धू आदी. लुगडं भरीवलंस समदं माजं."

तोवर अंगणात माणसं जमू लागली होती. शेतातून तशीच आलेली, टॉवेल खांद्यावर टाकलेली, चेहरे पाडलेली माणसं. जिच्या मातीला सगळी आली तीच सोप्यात बसून शेंगा मोडतेय हे बघून कुणाला काय करावं सुचेना. मयताच्या घरी चहा घेत नाहीत, त्यामुळं घ्यावा का नाही हेही ठरेना. थोरलीनं तो प्रश्न सोडवला. "आलायसा तर च्या घेऊन जावा. मयत मीच हाय, आन् माजी हरकत न्हाई." आई तिच्या चुलीशी गेली, म्हणजे गॅसशी, आणि तिनं मोठं पातेलं चढवलं. साखरेचा डबा कुठं आहे ते सांगायला थोरली उठून तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

नेमक्या त्याच वेळी ढगाला बरं वाटू लागलं. पडलेली कोठी सावरली की लगेच पुढं येत नाही, आधी जोडीदारीण होऊन मागं उभी राहते. प्रोग्रॅमनं तेही कळवलं. अंगणातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं चष्मा लावून तो निरोप मोठ्यानं वाचला:

"थोरली परत आली. आता ती धाकटीच्या मागं उभी आहे."

सगळ्यांनी आत बघितलं. ते खरं होतं. दोघी-तिघींनी देवाचं नाव घेतलं, आणि त्या गृहस्थांनी फोन खिशात टाकला तो पुन्हा बाहेर काढला नाही.

मी फोन उघडला तेव्हा दुपार झाली होती. न उचललेल्या फोनांची यादी संपेना. सगळ्यांत वर शेठजी होते. "आवं, मगाशी आकडं गेलतं, आन् तुमचा निरोप कसा न्हाई आला?" त्यांना उत्तर देता देता मला निरोप कुठं गेला ते कळलं.

मी थोरलीला फोन लावला. तिनंच उचलला.

"बोल की," ती म्हणाली. "मीच हाय. आजून."

"थोरली, मशीनचं होतं ते. मशीनचं नाव थोरली आहे."

"माजं नाव मशीनला दिलंस? मला आदी सांगायचं न्हाईस?"

"चुकलं."

"चुकलं कशाला? मेल्यावर कोण कोण येतंय ते डोळ्यानं बगितलं मी. कुणाच्या नशिबात आस्तंय? लय माणसं आली. तुजी आत्या साताऱ्यासनं आली, अजून भांडतीया हितं." मग आवाज उतरवून म्हणाली, "तू मातर आला न्हाईस."

"मला माहीत होतं ना, मशीन आहे म्हणून."

"ते खरं." ती म्हणाली. "आन् एक सांगू? ‘गेली’ असं कुणी लिव्हतं व्हय रं? आपल्यात म्हंत्यात कवा तसं? ‘जरा जास्त हाय, निगून या’ म्हणावं. माणूस वाटंत आस्तंय, एकटं आस्तंय, एस्टीत आस्तंय. त्येला हितवर पोचाय बळ नको? आल्यावर बगील की त्याचं ते."

मी म्हटलं, "पण ते खोटं असतं."

"खोटं कसं? समद्यास्नी ठावं आस्तंय, त्येचा अर्थ काय."

मी वाद घातला नाही, पण पटलंही नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी नावं बदलायला सांगितली. शेठजी आडवे आले. त्यांच्या माणसाला आत्ता कुठं थोरली-धाकटी कळायला लागली होती. मग मी प्रोग्रॅममध्ये ग्रुपचं पूर्ण नाव घातलं आणि ‘गेली’ तसंच ठेवलं.

घरी मात्र माझी रविवारची नोकरी दोन आठवड्यांत सुटली. आईला फोन केला की मागून थोरलीचा आवाज यायचा आणि आई म्हणायची, "आक्का कशी हाय म्हणून मला काय इचारतोस? ही काय, हितंच बसलीया. मटकी निवडतीया." आणि थोरलीला फोन केला की आई उचलायची. भिंत तशीच होती. तिच्यावर दोघी पापड वाळत घालू लागल्या होत्या. थोरलीनं एकदा मला विचारलं, "त्या तुज्या थोरलीचं कसं हाय?" मी सांगितलं, घटना नाही. "मग बरं हाय," ती म्हणाली.

त्या मंगळवारानंतर एक सुगी आली आणि गेली. द्राक्षं उतरली, बेदाणा झाला, शेठजींच्या खोल्या भरल्या. एका सकाळी मी नुकताच कंपनीत येऊन बसलो होतो. पडद्यावर सगळं हिरवं होतं. फोन वाजला. आई होती.

"थोरलीचं जरा जास्त हाय," ती म्हणाली. "निगून ये."

प्रमाण वाढलं आहे, या शब्दांचा अर्थ काय असतो हे या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. विचारायचा शब्द माझ्या तोंडात तयार होता. गेली का? दोन शब्द. आई फोनवर श्वास घेत होती आणि मी ते विचारत नव्हतो.

"निघतो," मी म्हटलं.

"सावकाश ये. आन् गुरुपवर तूच टाक बाबा. ह्यांच्यानं हुईना झालंय."

साहेबांना मी सांगितलं की चुलतीचं जरा जास्त आहे. ते कराडकडचे. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, उठून स्वतःच्या गाडीतून मला हायवेवर सोडलं आणि एस्टी येईपर्यंत शेजारी उभे राहिले.

खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी खंबाटकी घाट चढू लागली तेव्हा मी फोन काढून ‘कुंडल परिवार’ उघडला. वर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस चालू होता. माझ्या त्या मंगळवारच्या निरोपानंतर मी तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ‘थोरली’ एवढं लिहिलं आणि पुढं काय लिहायचं ते मला माहीत होतं, इतकी वर्षं जे तोंडावर सांगावं असं मी म्हणत आलो ते. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मी रडतोय हे बघून मान दुसरीकडं वळवली. राजस्थानातला भाऊ आठवला. त्याला दोन दिवसांची रेल्वे होती. आत्या आठवली, साताऱ्याच्या स्टँडवर एकटीच पिशवी घेऊन उभी राहणारी. कराडला गाडी बदलून कुंडलला पोचेपर्यंत माझ्यापाशीही तेवढंच बळ होतं, आईनं दिलेलं.

मी लिहिलं, "थोरलीचं जरा जास्त आहे. निघून या. सावकाश या."

वाढदिवस थांबला. या वेळी पणत्या आल्या नाहीत, फुलं आली नाहीत.  मग आत्याचं एक वाक्य आलं.

"मशीन का माणूस?"

मी लिहिलं, "माणूस."